चार बाइट कमी पडत होते : सदाशिव पेठेतल्या लिनक्स मशीनच्या नोंदी

मशीन साधा डेस्कटॉप. लिनक्स मिंट २२, मदरबोर्डवरच रिअलटेकचं नेटवर्क कार्ड. नेट गल्लीतल्या केबलवाल्याचं, १०० एमबीपीएस. इमारतीच्या जिन्याखाली त्यांचा बॉक्स आहे, त्यातल्या स्विचमधून लॅन केबल आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या राउटरपर्यंत येते. राउटरवर पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डवालं कनेक्शन. मी घरून मुद्रितशोधन करते. फायली प्रेसच्या एफटीपीवरून (फायली ठेवायच्या सर्व्हरवरून) उतरवते आणि तिथेच परत चढवते. नेट अर्धवट चालायला लागलं तेव्हापासूनच्या या नोंदी, रोज रात्री लिहिलेल्या. कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.

शनिवार, १४ जून २०२५

सकाळी साडेनऊला दुरुस्त्या केलेली पीडीएफ पाठवायला बसले. फाइल ३८ एमबीची. फाइलझिलाने (एफटीपीसाठीचा प्रोग्रॅम) लॉगिन केलं, प्रेसचं फोल्डर दिसलं, अपलोडची पट्टी जेमतेम हलली आणि थांबली. वीस सेकंदांनी 'कनेक्शन टाइम्ड आउट'. परत तेच. सात वेळा केलं, सातही वेळा तेच.

मग फायरफॉक्समध्ये बँकेची साइट उघडून पाहिली. खाली डाव्या कोपऱ्यात 'परफॉर्मिंग अ टीएलएस हँडशेक' (सुरक्षित जोडणी जुळवतोय) एवढी ओळ आली आणि पान पांढरंच राहिलं. यूट्यूब मात्र एका झटक्यात उघडलं, व्हिडिओ न अडखळता चालला. दोन वर्तमानपत्रांपैकी एक उघडलं, एक नाही.

मुलीला तिच्या विंडोज लॅपटॉपचं विचारलं. ती म्हणाली, "आई, हळू आहे, पण चालतंय." हे वाक्य मी मनात धरून ठेवलं आणि दोष लिनक्सचाच असं ठरवून टाकलं. पुढचे चार दिवस त्यात गेले.

आज केलेल्या तपासण्या: पिंग ८.८.८.८ (पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पाठवून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) व्यवस्थित, १२ मिलिसेकंदांच्या आसपास, एकही पॅकेट हरवलं नाही. साइटच्या नावाने पिंग केलं तेही व्यवस्थित, म्हणजे नावाचा आयपी मिळतोय. तरीही मी डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) बदलला, कारण आधी दोनदा त्यानेच सुटलं होतं. ईटीसी फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये हाताने ओळ घातली. रीस्टार्ट केल्यावर ओळ गायब. मिंटमध्ये ती खरी फाइल नसतेच, सिस्टिमडी-रिझॉल्व्हडने तयार केलेल्या फाइलकडे नेणारी लिंक असते. डीएनएस बदलायचाच असेल तर नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या कनेक्शनच्या आयपीव्ही४ टॅबवर बदलायचा. तिथे बदलला. फरक शून्य.

फाइल शेवटी मुलीच्या लॅपटॉपवर फाइलझिला टाकून तिथून पाठवली. आधी बराच वेळ अडकली, मग गेली. वेळ: साडेतीन तास.

रविवार, १५ जून

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलं. आमचा केबलवाला आयपीव्ही६ देतच नाही, हे 'आयपी -६ रूट' टाकून आधी पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पाहिलं नाही. बंद करून, रीस्टार्ट करून, परत सगळ्या साइट उघडून बघण्यात पाऊण तास गेला. फरक नाही.

फायरवॉल बंद केली. फरक नाही. परत चालू केली.

दुपारी सिस्टिमचे अपडेट आले, तीनशे एमबीच्या वर. सगळे भराभर उतरले. एवढं व्यवस्थित उतरतंय आणि ३८ एमबी वर जात नाही, याचा अर्थ मला रविवारीच लागायला हवा होता. खाली येताना सुरळीत, वर जाताना अडकतंय, एवढं जरी वहीत एका ओळीत लिहिलं असतं तरी पुढचा खर्च वाचला असता. मी फक्त 'अपडेट झाले' असं लिहिलं.

सोमवार, १६ जून

मुलगी कॉलेजला, लॅपटॉप तिच्यासोबत. दुसरी फाइल पेनड्राइव्हवर घालून पावसात नारायण पेठेत प्रेसवर नेऊन दिली.

आल्यावर टर्मिनलमध्ये कर्ल वापरून तीच बँकेची साइट मागवली. लगेच आली! फायरफॉक्समध्ये अडकणारं पान टर्मिनलवर अर्ध्या सेकंदात. तीनदा करून पाहिलं. मग साहजिकच संशय फायरफॉक्सवर गेला.

नवीन प्रोफाइल केलं, ॲड-ऑन काढले, फायरफॉक्स काढून परत घातलं. सगळं करूनही हँडशेकच्या ओळीवरच थांबलं. जुनं प्रोफाइल फोल्डर आधी कॉपी करून ठेवलं होतं म्हणून बुकमार्क वाचले. कुणी हे करणार असाल तर ती कॉपी विसरू नका. दोन तास.

पण फायरफॉक्स दोषी असेल तर फाइलझिला का अडकतंय? हा प्रश्न रात्री झोपताना पडला.

मंगळवार, १७ जून

दोन्ही प्रोग्रॅमच्या खाली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वायर. म्हणून आज वायर.

'सुडो ईथटूल ईएनपी२एस०' टाकलं (ईएनपी२एस० हे माझ्या नेटवर्क कार्डाचं नाव). स्पीड १०० आला, तो १००० यायला हवा. कार्ड गिगाबिटचं, राउटर गिगाबिटचा, मग शंभर का? गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. त्यातली निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर दोन्ही टोकं बोलून शंभरावर उतरतात. राउटर दारापाशी, मशीन आतल्या खोलीत, मधली केबल लोफ्टवरून जाते. शिडी लावून पाहिलं तर पाण्याच्या टाकीमागे उंदराने वीतभर जागा कुरतडलेली, तपकिरी जोडीतली एक तार पूर्ण तुटलेली. मला वाटलं, सापडलं.

तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चालत गेले. बुधवार पेठेत दुपारी गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा चालणं बरं. पहिल्या दुकानात कॅट सिक्स म्हणून १२ रुपये मीटरची केबल दाखवली. तिचं टोक मागून घेतलं, एक तार सोलली आणि ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला, आत पांढरट चंदेरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार वाकवली की तुटते आणि पिन मारताना सैल बसते. दुसऱ्या दुकानात खरवडल्यावर आतपर्यंत तांबंच दिसलं. ती घेतली, २२ रुपये मीटर.

खर्च: केबल १५ मीटर ३३० रुपये, आरजे४५ जॅक १० नग ६० रुपये, क्रिंपिंग टूल २८०, टेस्टर १९०. एकूण ८६० रुपये.

पहिले दोन जॅक वाया गेले. रंगांचा क्रम बरोबर होता (पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी), पण तारा जॅकच्या अगदी टोकापर्यंत पोचल्या नव्हत्या. जॅक समोरून प्रकाशात धरायचा. आठही तारांची तांब्याची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली तरच दाबायचं. तिसरा बरोबर बसला. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. ईथटूलवर १०००.

फाइलझिला उघडलं, अपलोड दिलं. पट्टी जेमतेम हलली आणि थांबली.

केबल खरोखर खराब होती, बदलायला हवीच होती. पण आमचा प्लॅनच शंभरचा आहे, त्यामुळे जोडणी शंभरावर उतरली होती म्हणून काही अडणार नव्हतं. एक दोष सापडला म्हणजे तोच दोष, असं धरून मी आणखी एक दिवस घालवला. वेळ: पाच तास, येण्याजाण्यासकट.

बुधवार, १८ जून

आजचा दिवस सर्वांत वाईट गेला, आणि सर्वांत उपयोगीही ठरला.

रिअलटेकच्या कार्डांना कर्नेलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) आर८१६९ ड्रायव्हर कधीकधी मानवत नाही, आर८१६८ घातल्यावर चालतं, हे आधीपासून माहीत होतं. काहीही न तपासता आर८१६८-डीकेएमएस पॅकेज घातलं. इन्स्टॉल होताना एररच्या ओळी आल्या त्या वाचल्या नाहीत. रीस्टार्ट केलं तर वायरचं नेटवर्कच नाही. ईएनपी२एस० हे नावच यादीत नाही.

झालं असं की नवीन मॉड्यूल माझ्या कर्नेलवर तयारच झालं नव्हतं, पण जुन्या आर८१६९ ला बंदी घालणारी फाइल मात्र जागेवर बसली होती. म्हणजे जुना ड्रायव्हर येऊ देत नाही आणि नवा अस्तित्वातच नाही.

संध्याकाळी काम द्यायचंच होतं म्हणून फोन यूएसबीने जोडून मोबाइल डेटा मशीनला दिला. लिनक्सने फोन लगेच ओळखला, काहीही घालावं लागलं नाही. फाइलझिला उघडलं आणि ३८ एमबीची फाइल एका दमात वर गेली. बँकेची साइट उघडली. जी जी पानं चार दिवस अडकत होती ती सगळी उघडली. तेच मशीन, तोच मिंट, तोच फायरफॉक्स.

मग 'सुडो ॲप्ट पर्ज आर८१६८-डीकेएमएस', रीस्टार्ट, वायरचं कार्ड परत आलं. फाइलझिला परत अडकलं.

कुणीही माझ्या जागी असाल तर ही फोनची चाचणी पहिल्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत करा. मशीन दोषी की लाइन, हे त्यात अर्धं कळतं. अर्धंच म्हणते, कारण फोनवरून जाताना नेटवर्क कार्डही बदललं होतं. कार्ड दोषी की लाइन, हे अजून उरलं होतं.

गुरुवार, १९ जून

सकाळी पाणी नव्हतं, आणि दहा ते चार वीजही नव्हती. मशीनला हात लावला नाही.

केबलवाल्या दादांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "ताई, पिंग येतोय का?" येतोय म्हटल्यावर ते म्हणाले की मग लाइन ओके आहे. उद्या पालख्या येतायत, लक्ष्मी रोड बंद, त्यामुळे सोमवारीच येऊ शकेन असं त्यांनी सांगितलं. ते खरंच होतं, रागावण्यासारखं काही नव्हतं.

फोन ठेवताना आठवलं की गेल्या गुरुवारी, १२ तारखेला, हेच दादा येऊन गेले होते. जिन्याखालचा स्विच बदलला होता आणि आमच्या राउटरच्या पानावर व्हीलॅनचा (एकाच वायरवरच्या वेगवेगळ्या जोडण्या वेगळ्या ठेवणारा) एक नवा नंबर घातला होता. स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट लावली, डाउनलोडचा आकडा ९४ दिसल्यावर बंद केली. अपलोडची पाळी येईपर्यंत थांबले नाहीत. मीही थांबवलं नाही. म्हणजे बिघाडाच्या दोन दिवस आधी लाइनमध्ये बदल झाला होता आणि मी एवढे दिवस त्याचा विचारच केला नव्हता.

शुक्रवार, २० जून

दुपारपासून इमारतीतले सगळे वारकऱ्यांच्या चहा-बिस्किटांच्या तयारीत. माझ्याकडे मोठी पातेली होती, तीनदा चहा चढवला. मशीनसमोर बसायला रात्रीचे साडेदहा वाजले.

आजची चाचणी छोटी, पण नेमकी. फोन परत यूएसबीने मशीनला जोडला. या वेळी फोनचा मोबाइल डेटा बंद करून त्याला घरचं वायफाय दिलं. फोन यूएसबीवरून वायफायही पुढे देतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आता मशीनकडून बघता बुधवारसारखंच सगळं: तीच यूएसबी वायर, तोच फोन. बदललं ते एवढंच, की पुढचा रस्ता घरच्या राउटरवरून जातोय.

फाइलझिला अडकलं. फायरफॉक्स हँडशेकवर अडकलं. मोबाइल डेटा चालू केला, दोन्ही सुटलं. वायफाय दिलं, दोन्ही अडकलं. चार वेळा आलटून पालटून केलं.

कार्ड निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष, लिनक्स निर्दोष. दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. वीस मिनिटांत एवढं कळलं, त्याआधीचे सहा दिवस अंदाजावर गेले.

शनिवार, २१ जून

आता अडकतंय म्हणजे नेमकं काय होतंय ते बघायचं होतं. टीसीपीडंप (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटची नोंद दाखवणारा प्रोग्रॅम) घातलं आणि बँकेच्या साइटचा आयपी देऊन ऐकत बसले. मग फायरफॉक्समध्ये साइट उघडली.

जोडणी झाली. पहिल्या तीन ओळी बरोबर. मग माझ्या मशीनने निरोप पाठवला, तो एका पॅकेटमध्ये न मावणारा, म्हणून दोन तुकड्यांत. समोरून उत्तर आलं: ॲक १, आणि कंसात सॅक १४४१:१८८७. याचा साधा अर्थ, दुसरा तुकडा मिळाला, पहिला मिळाला नाही. मशीनने पहिला तुकडा परत पाठवला: सिक्वेन्स १:१४४१, लेंथ १४४०. उत्तर नाही. परत तीच ओळ. मधलं अंतर दर वेळी दुप्पट होत गेलं, जवळजवळ अर्धा सेकंद, एक, दोन, चार, आठ. तीच लेंथ, तोच तुकडा, आणि पलीकडून काहीच नाही. ते बघताना पोटात कालवलं, कारण मशीन बिचारं आपलं काम अगदी चोख करत होतं.

लहान तुकडा पोचतो, मोठा पोचत नाही. मग मोजायचं कसं हे उघड होतं. पिंगला पॅकेटचा आकार सांगता येतो आणि 'तुकडे करू नको' असंही सांगता येतं: पिंग -एम डू -एस १४७२ ८.८.८.८. एम मोठ्या लिपीतला, एस छोट्या. दिलेल्या आकड्यात पिंगचे ८ आणि आयपीचे २० असे २८ बाइट मिळवायचे, म्हणजे पूर्ण पॅकेट किती ते कळतं.

१४७२ दिलं, पूर्ण पॅकेट १५००. लगेच उत्तर, तेही राउटरकडून, १९२.१६८.१.१ वरून: फ्रॅग नीडेड, एमटीयू १४९२ (एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार). हे ठीकच आहे. पीपीपीओई स्वतःसाठी ८ बाइट घेतं, म्हणून १५०० मधले १४९२ उरतात. मावत नाही, असं राउटरने स्पष्ट सांगितलं. असं तोंडावर सांगितलं गेलं, तर मशीन आपोआप लहान पॅकेट करतं.

१४६४ दिलं, पूर्ण पॅकेट १४९२. हे जायलाच हवं. शांतता. दहा पाठवले, दहाही गेले कुठे ते कळलं नाही. ना उत्तर, ना नकार.

१४०० दिलं, आलं. १४५०, आलं. १४६०, आलं. १४६१, शांतता. परत १४६०, आलं. प्रत्येक आकडा दहा-दहा वेळा, दुसऱ्या एका आयपीवरही. हद्द पक्की: १४६० अधिक २८, म्हणजे १४८८.

राउटर समजतोय १४९२, प्रत्यक्षात जातंय १४८८. चार बाइटचा फरक. व्हीलॅनचा टॅग बरोबर चार बाइटचा असतो. १२ तारखेला दादांनी घातलेला तो नंबर.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. अपडेट का उतरत होते? उतरवताना माझ्याकडून फक्त छोट्या मागण्या वर जातात, मोठी पॅकेट सगळी खाली येणारी. कर्ल का चालत होतं? माझ्या मिंटमधल्या कर्लचा पहिला निरोप पाचशे बाइटच्या आसपासचा. फायरफॉक्स मात्र २०२४ च्या शेवटी आलेल्या १३२ आवृत्तीपासून पहिल्याच निरोपात पुढच्या काळातल्या क्वांटम संगणकांना पुरून उरेल अशी सुमारे १२०० बाइटची जादा किल्ली पाठवतं, म्हणून निरोप एका पॅकेटच्या बाहेर जातो. हे खरं का बघायला अबाउट:कॉन्फिगमध्ये 'सिक्युरिटी.टीएलएस.एनेबल_कायबर' फॉल्स केलं. बँकेची साइट तत्क्षणी उघडली. परत ट्रू केलं, अडकली. ती सेटिंग ट्रूच ठेवा. तिची चूक नाही, तिने फक्त खड्डा दाखवला.

यूट्यूब चालायचं कारण ते क्विक या वेगळ्या पद्धतीवरून जातं, आणि क्विक सुरुवातीपासून लहान, साडेबाराशे बाइटच्या आसपासची पॅकेट करतं. आणि मुलीचा लॅपटॉप? मोठं पॅकेट वारंवार हरवलं तर विंडोज स्वतःहून आकार कमी करून बघतं, म्हणून तिच्याकडे दहा-बारा सेकंद थांबून पान उघडायचं. लिनक्समध्ये हीच सोय आहे, पण मुळात बंद असते. नाव नेट.आयपीव्ही४.टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग, किंमत ० असते, ती सिसकंट्रोलने (कर्नेलच्या सेटिंग बदलणारी कमांड) १ केली. फाइलझिला काही सेकंद थांबलं आणि मग फाइल गेली. "हळू आहे, पण चालतंय" याचा अर्थ आठवड्याने लागला.

तात्पुरता उपाय दोन ठिकाणी करता येतो. फक्त एका मशीनवर: एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, पुढे कनेक्शनचं नाव, पुढे ८०२-३-ईथरनेट.एमटीयू १४८८, मग तेच कनेक्शन परत अप. किंवा राउटरवर: वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर एमटीयूच्या चौकटीत १४९२ च्या जागी १४८८. आधी मशीनवर करून खात्री केली, मग मशीनवरचं काढून राउटरवर केलं, कारण त्याने घरातलं सगळंच सुटतं. ३८ एमबीची फाइल पाच सेकंदांत गेली. मुलीने आतून ओरडून विचारलं, "आई, काय केलंस? एकदम फास्ट झालं."

वेळ: तीन तास. खर्च नाही.

सोमवार, २३ जून

दादा अकरा वाजता आले. या वेळी 'नेट नीट चालत नाही' असं सांगितलं नाही. कागद पुढे ठेवला: १४६० जातं, १४६१ जात नाही, १२ तारखेपासून, फक्त वर जाताना. त्यांनी कागद दोनदा वाचला, स्वतःच्या लॅपटॉपवर आमची लाइन लावून तेच आकडे घातले आणि म्हणाले, "ताई, हे पोर्टवर आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांचीही तक्रार होती, आम्ही त्यांचा राउटर बदलायला सांगितला होता."

जिन्याखाली गेलो. बॉक्सवर वरच्या गळतीचं पाणी ठिबकत होतं, त्यांनी आधी त्यावर प्लास्टिक बांधलं. नव्या स्विचच्या पानावर प्रत्येक पोर्टला फ्रेमची (वायरवरून जाणाऱ्या, वेष्टनासकट पॅकेटची) कमाल मर्यादा होती. वरून येणाऱ्या पोर्टवर मोठा आकडा, घरांकडे जाणाऱ्या सगळ्या पोर्टवर १५१८. साधी पूर्ण फ्रेम १५१८ ची असते. राउटरने त्यात टॅगचे चार घातले की १५२२. पोर्ट ती आत घेतानाच टाकून देत होता, कुणालाही न सांगता. वरून खाली येणारी फ्रेम दुसऱ्या, मोठ्या मर्यादेच्या पोर्टवरून आत शिरायची, म्हणून खाली येणारं सगळं बिनधास्त चालत होतं.

त्यांनी सगळ्या पोर्टवर १५२२ पेक्षा मोठी मर्यादा टाकली आणि सेव्ह केलं. 'सेव्ह' मुद्दाम लिहिते, कारण न केल्यास पुढच्या लोडशेडिंगला जुनी सेटिंग परत येते. मी त्यांना सेव्ह केलंत का असं विचारलं, तेव्हा ते हसले आणि परत एकदा करून दाखवलं. चहा घेऊन गेले. जाताना तो कागद मागून घेतला.

राउटरवर एमटीयू परत १४९२ केला. पिंग १४६४: दहापैकी दहा आले.

मंगळवार, २४ जून

आवराआवर. एवढ्या दिवसांत मशीनवर काय काय बदललं होतं ते वहीतून काढून एकेक परत फिरवलं. हाताने घातलेला डीएनएस काढला. आयपीव्ही६ परत चालू केलं, आज ना उद्या केबलवाला ते देईल तेव्हा मी बंद केलंय हे मला आठवणार नाही. आर८१६८ चं काही उरलं नाही हे 'डीपीकेजी -एल' च्या यादीत पाहिलं. एमटीयू प्रोबिंग मात्र १ वरच ठेवलं आणि ईटीसीमधल्या सिसकंट्रोल.डी फोल्डरमध्ये फाइल करून कायम केलं. त्याने काही बिघडत नाही, आणि असा खड्डा पुन्हा कुठे लागला तर निदान काम अडणार नाही.

एकूण खर्च ८६० रुपये, तो सगळा केबलचा, ज्याचा या बिघाडाशी संबंध नव्हता. एकूण वेळ मोजला तर सतरा तासांच्या आसपास.

उरलेली तीन मीटर केबल आणि उरलेले जॅक दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे नेऊन दिले. त्यांच्या राउटरची केबलही तशीच लोफ्टवरून जाते. त्यांनी नवा राउटर अजून घेतला नव्हता, तो घेऊ नका असं सांगितलं.

सोमवार, ३० जून

रोज रात्री अकराला १४६४ चे दहा पिंग पाठवून निकाल एका फाइलमध्ये जमा करणारी एक ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) टाकली होती. सहा रात्री, साठपैकी साठ. यात गुरुवारची वीज जाऊन येणंही झालं, म्हणजे स्विचची सेटिंग टिकली. ओळ अजून महिनाभर चालू ठेवतेय. त्या स्विचला परत कुणी हात लावला तर या वेळी सकाळीच कळेल.